धागा: पद्मिनी मागून खाली घ्यायची आहे – पाटे, बंप रबर आणि एक्सलच्या वरची जागा

निळी_पद्मिनी
नमस्कार मंडळी. गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी. बॉडी मूळची, मागचे पाटे (लीफ स्प्रिंगच्या पट्ट्या) मूळच्याच मापाचे, गंज काढून झालाय. मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच दिसते, म्हणून मागून ५० मिमी खाली घ्यायचा विचार आहे. टायर १६५/८० आर १४. पाटे एक्सलच्या खालून जातात, म्हणजे एक्सल पाट्यावर बसलेला आहे. स्थानिक गॅरेजमध्ये तीन पर्याय सांगितले: एक पाटा काढून टाकणे, गॅस मारून पाटे बसवणे, किंवा मधे ठोकळा घालणे. गाडीत मागे तिघं बसतात आणि घाटातही जाते. काय करावं? आणि एक्सलच्या वर जागा कमी पडली तर ती कशी वाढवायची?

लेथमास्तर
पहिले दोन पर्याय आजच बाद करा.

गॅस मारला की पाट्याचं टेम्पर जातं. पाट्याचं पोलाद तापवून, तेलात विझवून, मग ४५०-५०० अंशांच्या आसपास परत तापवून मऊपणा-कडकपणाचा मेळ साधलेला असतो. गॅसच्या ज्योतीने मधला चार बोटांचा भाग लाल केला की तेवढाच भाग मऊ पडतो. महिनाभर गाडी छान खाली दिसते, मग रोज थोडी-थोडी बसत जाते, एका बाजूला जास्त. आणि मऊ-कडक भाग जिथे भेटतात तिथेच पाटा तुटतो.

पाटा काढणं त्याहून फसवं. पाच पाट्यांतला एक काढला तर कमानीचा (पाट्यांच्या गठ्ठ्याचा) ताठरपणा ढोबळ मानाने २० टक्क्यांनी उतरतो. म्हणजे गाडी रिकामी असताना खाली येते ती येतेच, पण भरल्यावर आणखी खाली येते, आणि प्रत्येक खड्ड्यात एक्सल वर जास्त उसळतो. खाली घेतलेल्या गाडीला उलट पाहिजे: जागा कमी झाली म्हणून कमान थोडी ताठ हवी.

ठोकळ्याकडे नंतर येऊ. आधी एक माप द्या. गाडी सपाट जागी, टाकी भरलेली, आत कोणी नाही. बंप रबराच्या (एक्सल वर उसळला की बॉडीवर आपटू नये म्हणून लावलेल्या रबराच्या) खालच्या टोकापासून एक्सलच्या नळीपर्यंत किती अंतर आहे, डावीकडे आणि उजवीकडे वेगळं. मग मागच्या सीटवर ५० किलोची वाळूची तीन पोती ठेवा, गाडी मागून दोन-तीनदा दाबून सोडा म्हणजे पाटे आपल्या जागी बसतील, आणि परत मोजा.

निळी_पद्मिनी
मोजलं, मास्तर.
रिकामी: डावीकडे ७८ मिमी, उजवीकडे ७४.
तीन पोती ठेवून: ४१ आणि ३७.
बंप रबराची स्वतःची उंची ५५ मिमी.

लेथमास्तर
आता हिशोब तुमच्याच आकड्यांतून बघा.

१५० किलोंपैकी मागची सीट एक्सलच्या जवळच असल्याने साधारण १३० किलो मागच्या चाकांवर येतात, म्हणजे दर बाजूला ६५. त्याने कमान ३७ मिमी दबली. ६५ भागिले ३७, म्हणजे मिलीमीटरला सुमारे १.७५ किलो. हा तुमच्या कमानीचा ताठरपणा. नव्या पाट्यांचा किती होता ते कुठे शोधायची गरज नाही, आज गाडीखाली जे आहे त्यावरच काम करायचंय.

५० मिमी खाली घेतलं तर उजवीकडे ७४ उणे ५०, उरले २४. तिघं बसले की ३७ लागतात. १३ मिमी कमी पडतात! म्हणजे गाडी उभी असतानाच एक्सल बंप रबरावर टेकलेला. त्या स्थितीत खड्डा आला की पाटे काहीच करत नाहीत, सगळा धक्का रबरातून थेट बॉडीच्या पेटीत (एक्सलच्या वरच्या पत्र्याच्या पोकळ भागात) जातो. जुन्या बॉडीला तिथेच तडे जातात.

२५ मिमी घेतलं तर उरतात ४९, माणसं बसल्यावर १२. हेही थोडंच आहे, पण इथून पुढे काम करता येतं.

सांगलीकर
लेथमास्तर म्हणतात ते बरोबर. एक भर: डावी-उजवीतला ४ मिमीचा फरक आधी मिटवा. दोन्ही बाजूंचे पाटे अदलाबदल करून मोजा. फरक पाट्यांबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर पाट्यात दोष, तिथेच राहिला तर शॅकलचा (पाट्याचं मागचं टोक बॉडीला जोडणाऱ्या हलत्या कडीचा) बुश किंवा बॉडी. ठोकळा घातल्यावर हा फरक शोधणं अवघड होतं.

घाटउतार
टायर लहान घातला तर? १७५/६५ आर १४ घातला की गाडी आपोआप खाली येते आणि पाट्यांना हात लावायची गरज नाही.

सांगलीकर
@घाटउतार, १६५/८० आर १४ चा बाहेरचा व्यास ६२० मिमीच्या आसपास, १७५/६५ आर १४ चा ५८३. फरकाचा निम्मा, म्हणजे १८ मिमी गाडी खाली येईल. पण त्यात डिफरेन्शियलचं हौसिंगही (एक्सलच्या मधला गिअरचा डबा) १८ मिमीने रस्त्याजवळ येतं. पाटे किंवा ठोकळ्याने खाली घेतलं तर हौसिंगची उंची तीच राहते, कारण ती फक्त टायरच्या त्रिज्येवर ठरते. शिवाय स्पीडोमीटर ६ टक्क्यांनी जास्त दाखवायला लागतो. म्हणजे मडगार्डात दिसायला फरक कमी आणि खाली खरडायची भीती जास्त. टायर बदलायचाच असेल तर तो वेगळा निर्णय ठेवा.

कमानपाटा
मी उलट्या डोळ्याच्या बाजूने आहे. मेन पाट्याचे दोन्ही टोकांचे डोळे (ज्यातून बोल्ट जातो ती गोल वळणं) वर वळवलेले असतात. तेच खाली वळवून घेतले... थांबा, नीट सांगतो. डोळा पाट्याच्या ज्या बाजूला असतो ती बाजू बदलली की बॉडी पाट्याच्या मानाने सरकते. सरक किती? डोळ्याचा आतला व्यास अधिक पाट्याची जाडी. कोणत्या बाजूला वळवल्यावर गाडी खाली येते, ते साधं आहे: डोळा पाट्याच्या वर असेल तर तिथला बोल्ट, म्हणजे बॉडी, वर असते. डोळा खाली घेतला की बॉडी खाली येते. यात ठोकळा नाही, यू-बोल्ट (एक्सल पाट्याला बांधणारे) लांब करायला नको, एक्सल जागच्या जागी.

लेथमास्तर
@कमानपाटा, तत्त्व बरोबर आहे आणि सर्वांत स्वच्छ पद्धत तीच. दोन अडचणी. एक, डोळा उलटा करायचा तर मेन पाटा टोकांना लाल करून परत गुंडाळावा लागतो आणि मग अख्खा पाटा भट्टीत विझवून टेम्पर करावा लागतो. भट्टी आणि तापमान मोजायची सोय असलेला पाटेवालाच हे करू शकतो, कोळशाच्या शेगडीवर डोळ्याने रंग बघून नाही. दोन, डोळ्याचा व्यास ३०-३५ मिमीचा असला तर जाडी धरून गाडी एकदम ३५-४० मिमी खाली येते. मधला पर्याय नाही. या गाडीला ते जास्त होतंय, वरचा हिशोब बघा.

पाटेवाल्याकडूनच करायचं असेल तर कॅम्बर (पाट्याचा बाक) कमी करून घेणं बरं. थंड अवस्थेत प्रेसवर प्रत्येक पाटा वेगळा थोडा सपाट करतात. ताठरपणा तोच राहतो. पण पाटा सपाट झाला की दोन डोळ्यांतलं अंतर वाढतं, आणि मागचा शॅकल मागे झुकतो. रिकाम्या गाडीतच शॅकल फार आडवा झाला असेल तर माणसं बसल्यावर तो बॉडीला टेकतो आणि पाटा लांब व्हायला जागाच उरत नाही. तेव्हा गाडी दगडासारखी आपटते आणि लोक शॉकअप बदलत बसतात.

टॉर्कताई
ठोकळ्याचा तोटा कोणी सांगितला नाही, तो सांगते.

ब्रेक मारताना किंवा क्लच सोडून गाडी उचलताना एक्सल स्वतःभोवती फिरायला बघतो. त्याला पाटाच अडवतो, आणि पाट्याला त्या वेळी इंग्रजी एस अक्षरासारखा पीळ पडतो.  मधे ठोकळा आला की हा सगळा जोर ठोकळ्यातून आणि लांब यू-बोल्टांतून जातो. २५ मिमीला हे जाणवत नाही. ५० ला पहिल्या गियरमध्ये चढावर मागून ‘धड-धड-धड’ असा उसळता आवाज येतो आणि यू-बोल्ट ढिले होतात. म्हणून पद्मिनीसारख्या हलक्या गाडीलाही २५-३० च्या वर ठोकळा नको, असं माझं ठाम मत आहे.

ठोकळा कसा हवा:
पोलादाचा भरीव, किंवा ६०६१ जातीच्या अ‍ॅल्युमिनियमचा. लाकूड नाही, पोकळ चौकोनी पाइप नाही, आणि दोन पातळ ठोकळे एकावर एक अजिबात नाहीत.
रुंदी पाट्याएवढी, लांबी एक्सलच्या पॅडएवढी. कमी लांबीचा ठोकळा पाट्यावर डुलतो.
वरच्या बाजूला खुंटी, जी एक्सलच्या पॅडमधल्या भोकात बसते. खालच्या बाजूला भोक, ज्यात सेंटर बोल्टचं (पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टचं) डोकं बसतं. दोन्ही ठिकाणी सैलपणा अर्ध्या मिलीमीटरपेक्षा जास्त नको. एक्सल मागे-पुढे सरकण्यापासून याच दोन खुंट्या रोखतात. यू-बोल्टचं काम फक्त दाबून धरण्याचं.

यू-बोल्ट नवीनच घ्या. जुना ताणलेला असतो, त्याचे आटे खेचलेले असतात, दुसऱ्यांदा तो तेवढा दाब धरत नाही.

निळी_पद्मिनी
ताई, यू-बोल्ट किती लांब? आणि मास्तर, ताठरपणा वाढवायचा म्हणजे एक पाटा जास्त घालायचा का?

लेथमास्तर
हो. पाटेवाल्याकडून ६ मिमी जाडीचा एक मधला पाटा, बाकीच्यांशी जुळणाऱ्या कॅम्बरचा. ताठरपणा १.७५ वरून २.१ च्या आसपास जाईल. मग तिघांच्या वजनाला ३७ ऐवजी ३१ मिमीच दबेल.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पाटा वाढवला की कमान मोकळ्या गाडीतही कमी दबते, म्हणजे गाडी थोडी वर उचलली जाते. तेवढं पाटेवाल्याने कॅम्बरमधून वजा करायला हवं. त्याला सांगताना ‘थोडं कमी कर’ असं सांगू नका. डोळ्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत दोरी ताणायची, सेंटर बोल्टपाशी मेन पाट्यापासून दोरीपर्यंत किती मिमी, तो आकडा कागदावर लिहून द्यायचा. दोन्ही बाजूंच्या पाट्यांत ३ मिमीहून जास्त फरक असला तर परत पाठवायचं.

मेन पाटा सर्वांत वर, एक्सल त्यावर. जादा पाटा खाली लागतो, त्यामुळे त्याने एक्सलची जागा बदलत नाही, पण सेंटर बोल्ट ६ मिमी लांब लागतो आणि यू-बोल्ट ठोकळ्याचे २५ अधिक पाट्याचे ६, म्हणजे ३१ मिमी लांब. नटाबाहेर दोन-तीन आटे दिसले पाहिजेत. २५ मिमी दांडी बाहेर लोंबत असेल तर तीच पहिली दगडाला अडकते, कापून टाका.

टॉर्कताई
आवळणं: चारही नट फुली पद्धतीने, तीन टप्प्यांत. १० मिमीचा, ८.८ दर्जाचा यू-बोल्ट असेल तर ४५ ते ५० न्यूटन मीटर, १२ मिमीचा असेल तर ८० ते ८५. आटे कोरडे आणि स्वच्छ. तेल लावून तेवढाच आकडा धरला तर बोल्ट जास्त ताणला जातो. १०० किलोमीटरनंतर आणि ५०० नंतर परत टॉर्क पान्याने बघा. पाट्यांमधला रंग आणि गंज चेपला जातो, म्हणून पहिल्या वेळी नट थोडा फिरतोच.

सांगलीकर
आता धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे, एक्सलच्या वरची जागा. बंप रबरापासूनचं अंतर मोजलं म्हणजे सगळं मोजलं असं होत नाही. रबर पूर्ण चेपल्यावर लोखंड लोखंडाला कुठे टेकतं ते बघायचं, आणि ते बहुतेक वेळा बंप रबरापाशी टेकत नाही. जिथे टेकण्याची शक्यता असते त्या जागा:

डिफरेन्शियलचं नाक आणि वरचा पत्रा.
एक्सलवरून जाणारा सायलेन्सरचा पाइप.
प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंतचा फिरता दांडा) आणि त्याच्या वरचा पत्र्याचा बोगदा.
एक्सलवरचा ब्रेकचा पाइप आणि त्याची क्लिप. ही सर्वांत आधी चेपते आणि कोणाच्या लक्षात येत नाही!
टायर आणि मडगार्डाची आत वळलेली कड.

हे तपासायचं कसं: गाडी मागून उचलून बॉडीखाली दोन घोडे (गाडी टेकवायचे स्टँड) लावा. पुढच्या चाकांना पुढून-मागून अडण. दोन्ही यू-बोल्ट सोडून पाटे बाजूला करा, शॉकअपची खालची टोकं सोडा. आता एक्सल मोकळा झाला, तो दोन जॅकवर पेलून धरा. ब्रेकचा रबरी पाइप ताणला जात नाही ना ते आधी बघा, लागलं तर तो सोडून टोकाला बूच लावा.

मग घट्ट भिजवलेल्या कणकेचे लिंबाएवढे गोळे करा, पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि वरच्या प्रत्येक जागी चिकटवा. दोन्ही जॅक सारखे चढवत एक्सल वर घ्या, बंप रबर साधारण निम्मं चेपेपर्यंत. मग खाली घ्या आणि गोळे काढून चेपलेल्या जागी सुरीने कापून जाडी मोजा. १० मिमीच्या खाली कुठेही नको, सायलेन्सरपाशी २० ते २५ हवेत, कारण पाइप लोंबतो आणि हलतो.

मग हेच एका बाजूने करा. डावा जॅक वर, उजवा खाली. एका चाकाने खड्डा घेतला की एक्सल तिरपा होतो आणि टायरची वरची कड आत झुकते. मडगार्डाला टायर लागतो तो याच वेळी, दोन्ही चाकं सरळ वर जाताना नाही.

निळी_पद्मिनी
हे आजच्या आज करण्यासारखं आहे. कणीक मात्र घरातून हळूच घ्यावी लागेल.

घाटउतार
प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा पडला)

निळी_पद्मिनी
चाचणी झाली. आकडे असे. बंप रबर ५५ वरून २८ मिमीपर्यंत चेपलेलं असताना:
डिफरेन्शियलच्या वर २२ मिमी.
सायलेन्सर आणि एक्सल ९ मिमी.
ब्रेक पाइपची क्लिप ४ मिमी!
शाफ्ट आणि बोगदा ३० च्या वर.
टायर, एका बाजूने वर: आतल्या बाजूला १४, मडगार्डाच्या कडेला ६.

सांगलीकर
उत्तम, आता काम कुठे करायचं ते समोर आलं.

क्लिप: एक्सलच्या मागच्या बाजूला ३० अंश फिरवून लावा. वेल्ड केलेली असेल तर ती तिथेच कापून नवीन ब्रॅकेट स्क्रूच्या पट्ट्याने बांधा. एक्सलच्या नळीवर वेल्डिंग करू नका, नळी वाकते आणि बेअरिंग ओळीत राहत नाहीत. ब्रेक पाइप हाताने वाकवताना कडक वळण नको, २५ मिमी त्रिज्या किमान.

सायलेन्सर: पाइपचा एक्सलवरचा कमानीसारखा भाग नवीन वाकवून घ्या, १५ मिमी उंच. जुन्या पाइपला हातोड्याने चेपून जागा करण्याने आतला मार्ग अरुंद होतो.

मडगार्डाची कड: हीट गनने रंग गरम करून (हात ठेवला तर चटका बसेल इतपत), कड हळूहळू आत वळवा, एका दमात नाही, चार-पाच फेऱ्यांत. ५ मिमी मिळतील. थंडीत रंग न तापवता केलं तर रंगाला भेगा जातात आणि त्या भेगांतून गंज आत शिरतो. जुन्या रंगाखाली पुट्टी असेल तर ती फुटणारच, त्या जागी आधी पुट्टी काढून पत्रा बघा.

कमानपाटा
आणि बंप रबर? रबर अर्धं कापलं की १५-२० मिमी सरळ मिळतात.

सांगलीकर
कापायचं नाही, बदलायचं. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. रबराचं टोक निमुळतं असतं, ते आधी मऊ दाबलं जातं आणि मग हळूहळू कडक होतं. टोक कापलं की सपाट बुंधा उरतो, आणि एक्सल त्याच्यावर हातोड्यासारखा बसतो. त्यापेक्षा ४० मिमी उंचीचं, टोक असलेलं रबर बघा, दुसऱ्या कुठल्या गाडीचं चाललं तरी चालेल, बोल्टाची जाडी जुळली म्हणजे झालं. पण हे करायच्या आधी क्लिप आणि सायलेन्सर हलवा. रबर छोटं केल्यावर एक्सल आणखी १० मिमी तरी वर जाणार. डिफरेन्शियलच्या वर २२ आहेत, ते १२ वर येतील. चालेल, पण त्याहून पुढे जागा नाही.

लेथमास्तर
म्हणजे हिशोब असा झाला. ठोकळा २५. रिकामी गाडी, बंप रबरापर्यंत ४९, छोट्या रबराने १५ वाढले, ६४. तिघं बसल्यावर ताठ केलेली कमान ३१ दबेल, उरले ३३. त्याखाली रबराचं स्वतःचं दबणं वेगळं. आता तुमच्याकडे घाटातला खड्डा घेण्याइतकी उसळी शिल्लक आहे.

पेटीला खाच पाडायचं (ज्याला लोक सी-नॉच म्हणतात) कोणी सुचवलं तर करू नका. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चॅसिस नाही, बॉडी आणि पाया एकच. एक्सलच्या वरची ती पेटी पातळ पत्र्याची आहे आणि मागच्या कमानीचा सगळा भार तिच्यातूनच जातो. तिथे अर्धवर्तुळ कापलं तर आतून तेवढ्याच लांबीचा पाइप अर्धा करून आणि दोन्ही बाजूंनी ३ मिमीचा पट्टा लावून भार परत जोडावा लागतो. तो पट्टा पुन्हा १ मिमीच्या जुन्या पत्र्यावर वेल्ड होणार. वेल्डच्या कडेला पत्रा मऊ होतो आणि तिथून फाटत जातो. २५ मिमीसाठी हा धोका कशाला?

टॉर्कताई
कागदाची बाजूही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणीपत्रातले तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्यांशी जुळलेच पाहिजेत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याचा अर्थ कडक लावला. पाट्याचा कॅम्बर नोंदणीपत्रात नसतो, पण बॉडी कापणं ही वेगळी गोष्ट. शिवाय तुमची गाडी १९७८ ची, म्हणजे २०२८ मध्ये ५० वर्षं पूर्ण. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाड्या व्हिंटेज म्हणून नोंदवता येतात, पण चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नसावा. ठोकळा आणि पाटे काढून मूळचे परत बसवता येतात. कापलेली पेटी परत येत नाही. मूळचे पाटे आणि यू-बोल्ट प्लेटा जपून ठेवा, तेल लावून.

निळी_पद्मिनी
हे मनात नव्हतं, पेटीला हात लावत नाही. शॉकअपचं काय? आणि शाफ्टचा कोन?

लेथमास्तर
शॉकअप: एक्सल वर गेल्याने शॉकअपची लांबी कमी होऊ शकते. तो आतून तळाला टेकण्याआधी बंप रबर पूर्ण दबलं पाहिजे, नाहीतर वरचं माउंट पत्रा फाडून वर येतं. शॉकअप पूर्ण मिटवून डोळ्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. कणकेच्या चाचणीत, एक्सल सर्वांत वर असताना, त्याच दोन बोल्टांतलं अंतर मोजा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा किमान १२ मिमी मोठा हवा. कमी असेल तर शॉकअप आखूड घ्या, किंवा यू-बोल्ट प्लेटेवरची खालची खुंटी २५ मिमी खाली घेतलेली नवी प्लेट ८ मिमी जाडीची करून घ्या. दुसरा मार्ग स्वस्त, पण खुंटी रस्त्याजवळ येते.

शाफ्ट: क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा सांधा) जेव्हा कोनात फिरतो तेव्हा मागचा भाग एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा सावकाश होतो. पुढचा आणि मागचा क्रॉस समान कोनात असतील तर हा फरक एकमेकांत मिटतो. एक्सल २५ मिमी वर गेला आणि मागचा शाफ्ट साधारण १ मीटर लांब असला तर शाफ्टचा कोन जवळजवळ दीड अंशाने बदलतो. डिजिटल अँगल गेज घ्या, तीन ठिकाणी ठेवा: गिअरबॉक्सच्या मागे, शाफ्टवर, आणि डिफरेन्शियलच्या फ्लँजवर. काम करण्याआधी एकदा मोजून लिहून ठेवा. गाडी चाकांवर उभी पाहिजे, घोड्यांवर नाही.

दोन्ही टोकांच्या कोनांतला फरक १ अंशाच्या आत आणायचा. त्यासाठी ठोकळाच १ किंवा २ अंश उतरता करून घ्या, वेगळी पाचर घालू नका. पिनियनचं नाक (डिफरेन्शियलचं शाफ्टकडचं टोक) अर्धा अंश खाली ठेवलं तर चालेल, गाडी ओढताना ते आपणच वर उठतं. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या बेअरिंगचं रबर आत्ताच तपासा. चिरलेलं रबर आणि चुकीचा कोन, दोन्हींचं लक्षण एकच, ५०-६० च्या वेगाला सीटखाली घरघर.

घाटउतार
पुढून खाली घ्यायचं नसेल तर दिव्यांचं?

सांगलीकर
चांगला मुद्दा काढलात. पद्मिनीचा व्हीलबेस २३४० मिमी. मागून २५ मिमी खाली गेली की दिव्याचा झोत मीटरला सुमारे ११ मिमी वर उठतो, २५ मीटरवर जवळपास २७ सेंटिमीटर. समोरच्याच्या डोळ्यांत थेट. गाडी भिंतीसमोर उभी करून, मागे पोती ठेवून, दिवे परत लावून घ्या. पहिल्या रात्रीच्या आधी.

गतिरोधकांचं म्हणाल तर नियमाप्रमाणे बांधलेला, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा गतिरोधक दोन्ही चाकं त्यावर असताना पोटाशी फक्त ४० मिमी वर येतो. तो त्रास देत नाही. गल्लीतला डांबराचा अरुंद उंचवटा किंवा काळा-पिवळा रबरी पट्टा दोन चाकांच्या मधे पूर्ण उंचीने पोटाखाली येतो. तिथे सर्वांत खाली काय आहे ते बघून ठेवा, बहुतेक वेळा सायलेन्सरचा डबा किंवा यू-बोल्टची दांडी.

टॉर्कताई
बसवतानाचा क्रम, कारण इथेच चूक होते:

बॉडीखाली घोडे, एक्सलखाली वेगळा जॅक. फक्त जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका.
सेंटर बोल्ट काढताना पाट्यांच्या गठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी सी-क्लॅम्प. क्लॅम्प न लावता नट काढला की पाटे उसळतात, बोटं जातात.
पुढच्या डोळ्याचा आणि शॅकलचा बोल्ट फक्त बसवा, आवळू नका. यू-बोल्ट आवळा. गाडी चाकांवर उतरवा, मागून दोन-तीनदा दाबा, मगच डोळ्यांचे बोल्ट आवळा. हवेत आवळलं तर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं, गाडी १०-१२ मिमी उंच बसते आणि रबर वर्षभरात फाटतं.
हँडब्रेकची केबल परत लावा. एक्सल वर गेल्याने ती सैल पडते.
मागचा ब्रेकचा रबरी पाइप आता लोंबेल. टायर किंवा शॉकअपला घासतो का ते एक चाक खड्ड्यात उभं करून बघा.

निळी_पद्मिनी
सगळं बसवलं. २५ चा ठोकळा १ अंश उतरता, दर बाजूला एक पाटा जास्त, ४० चं बंप रबर. रिकामी: ६५ आणि ६४. तीन पोती ठेवून ३४ आणि ३३. कोनांतला फरक ०.६ अंश. एकच तक्रार, हळू वेगात गतिरोधक घेताना मागून करकर येते.

लेथमास्तर
आकडे चांगले आले. करकर नव्या पाट्याची. त्याचं टोक वरच्या पाट्यावर घासतंय, कडा धारदार आहेत. पाटा मोकळा करून टोकाची धार कानशीने २ मिमी गोल करा आणि पाट्यांच्या टोकांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावा, मध्यभागी नाही. यू-बोल्टखालच्या भागात ग्रीस गेलं तर पाटे घसरतात आणि सेंटर बोल्ट तुटतो. साधं ग्रीस धूळ धरून ठेवतं, ते नको. त्यानंतरही आवाज राहिला तर शॅकलचे बुश बघा, ते नवे टाकलेत की जुनेच?

निळी_पद्मिनी
जुनेच. उद्या दोन्ही बाजू सोडतो.

टॉर्कताई
सोडताच आहात तर बुश नवे टाका, आणि पुन्हा तेच: बोल्ट गाडी चाकांवर आल्यावर आवळा. १०० किलोमीटरचा टॉर्क त्या दिवसापासून नव्याने मोजा.